आधी करंट, मग पेट्रोल

30 ऑक्टोबर 2023पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावायची थांबली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती आणि शेवटच्या पद्मिनीचीही ती भरली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून चालतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यायची, नोंदणी वाढवून घ्यायची. आमची तशीच टिकलेली. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, डॅशबोर्डावर चोकची खुंटी. आत कुठेही कॉम्प्युटर नाही. त्यामुळे बिघाड झाला की तो डोळ्यांनी, कानांनी आणि थोड्याशा तर्कानं शोधता येतो, आणि मला या गाडीचं सगळ्यात मोठं अप्रूप तेच आहे.

गणपतीपुळ्याला समुद्र अगदी देवळाच्या पायरीशी. रात्रभर वाऱ्याबरोबर खारा दमटपणा येतो आणि बॉनेटच्या फटीतून आत शिरतो. सुरूच्या झाडाखाली लावलेली पद्मिनी सकाळी किल्ली फिरवली की नुसतं ‘कट्’ म्हणायची. इंजिन फिरायचंच नाही. हॉर्न खणखणीत वाजायचा, हेडलाइटही छान लागायचे. बघणाऱ्यांपैकी प्रत्येकानं एकच निदान केलं, बॅटरी गेली, नवी घाला.

मालगुंडहून आलेल्या मेकॅनिकनं बॅटरीला हातही लावला नाही. “दादा, आधी धक्का मारूया,” तो म्हणाला. दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला, चौघांनी ढकललं, क्लच सोडताच गाडी सुरू झाली.

एवढ्या एका गोष्टीनं निम्मी शंका मिटली. धक्क्यानं इंजिन पेटतं, म्हणजे प्लगपर्यंत करंट पोचतोय, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलही आहे. दोष सेल्फच्या वाटेवर कुठेतरी. दोन्ही हेडलाइटना मिळून दहाएक अँपियर पुरतात, सेल्फ ओढतो शंभराच्या वर. टर्मिनलवर किंवा वायरच्या टोकाला गंज असेल तर दिव्यापुरती वीज त्यातून जाते, सेल्फपुरती जात नाही. म्हणून दिवा लागतो आणि माणूस फसतो.

मग मल्टिमीटर निघाला. इंजिन बंद असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज आहे. त्यानं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. काटा दोनच्या पुढे गेला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आतच दिसायला हवं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीकडे परत जायला विजेला खरी वाट एकच, अर्थिंगची विणलेली पट्टी. तिचा बोल्ट उघडला तर खाली हिरवट-पांढरी साय साचलेली, तारेचे पदर बोटानं चुरगळताना तुटत होते. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडलं, पट्टी बदलली, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून धातू उघडा केला, घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावलं. सेल्फनं पहिल्याच झटक्यात इंजिन फिरवलं. नव्या बॅटरीचे पैसे वाचले, आणि मुख्य म्हणजे नवी बॅटरी घालूनही गाडी तशीच राहिली असती.

किनाऱ्यावर जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकानं पावसाळ्यापूर्वी आणि नंतर हे सांधे उघडून पाहावेत, असं माझं ठाम मत आहे. डिस्ट्रिब्युटरची टोपीही तेव्हाच काढून कोरड्या फडक्यानं आतून पुसावी. ओलावा असला की ठिणगी प्लगकडे न जाता टोपीतच भलतीकडे पळते.

दुसरं दुखणं आरे-वारेच्या रस्त्यावरचं. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला येणारा सुमारे 25 किलोमीटरचा हा किनाऱ्याचा मार्ग, चढ-उतार भरपूर. भर दुपारी चढ संपवून वर समुद्र बघायला थांबलं की परत निघताना इंजिन पेटत नसे. सेल्फ जोरात फिरे, पण पेट घेण्याचं नाव नाही. अर्धा-पाऊण तास गेला की आपोआप सुरू. गरम झाल्यावर दगा देणाऱ्या गाडीवर दोन संशयित असतात. एक म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर, दुसरं म्हणजे पेट्रोलच्या वाटेवर झालेली वाफ. दोन्हींची लक्षणं हुबेहूब एक, आणि थंड झाल्यावर तपासून काहीच कळत नाही. गाडी रुसलेली असतानाच बॉनेट उघडायला हवं.

जवळचा जादा प्लग वायरला लावून त्याचा धातू इंजिनला टेकवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. निळी, कडक ठिणगी. करंटचा संशय संपला. मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या घशात पाहत अ‍ॅक्सिलरेटरची कडी दाबली. एरवी तिथे पेट्रोलची बारीक पिचकारी उडते. त्या दिवशी थेंबही नाही. टाकीत पेट्रोल आणि कार्बोरेटर कोरडा!

पद्मिनीचा फ्युएल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. गाडी चालू असते तोवर पंख्याचा वारा आणि टाकीतून येणारं ताजं पेट्रोल त्याला थंड ठेवतं. थांबलं की दोन्ही बंद, आणि इंजिनची धग पंपात चढते. पेट्रोलमधले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पंप मग पेट्रोलऐवजी वाफ ओढत बसतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे त्यामागे हेच शास्त्र. आम्हीही टाकलं, पाच-दहा मिनिटांत गाडी चालू झाली.

फडकं हा रस्त्यावरचा उपाय. मूळ दोष मेकॅनिकला नंतर सापडला. टाकीकडून पंपाला येणारी रबरी नळी कडक होऊन टोकाशी चिरली होती. पेट्रोल बाहेर गळत नव्हतं, पण पंप ओढताना चिरेतून हवा आत घेत होता. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि पद्मिनीच्या काळातली रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. इथेनॉल सोसणारी नवी नळी एग्झॉस्टपासून लांबून फिरवली, मध्ये पत्र्याची आड बसवली, पंपातला पडदाही बदलून घेतला.

चढाचा त्रास गेला आहे. आयडलवर इंजिन अजून किंचित चुकतं. कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून हवा शिरत असावी असा मेकॅनिकचा कयास आहे. गॅस्केट कोल्हापूरहून मागवलं आहे, ते आलं की पुढचं काम.