परतीची बोट

प्रवासवर्णनांचा आरंभ बहुधा निघण्यापासून होतो आणि इष्ट स्थळीं पोहोंचल्यावर तीं रंगूं लागतात. परतीच्या वाट्यास शेवटचीं दोन वाक्यें आलीं म्हणजे पुष्कळ झालें असें लेखकास वाटतें. जमिनीवरील प्रवासापुरती ही रीत ठीक आहे. परंतु जेथें रेल्वे नाहीं, दुसऱ्या गांवीं नेणारा रस्ता नाहीं, विमानाची धांवपट्टीहि नाहीं, व चोहोंकडे केवळ समुद्र आहे, अशा लहानशा बेटावर जावयाचें असल्यास हा क्रम उलटा करावा लागतो. तेथें परतीचा विचार आधीं, व जाण्याचा मागाहून. ही गोष्ट आम्हांस एका दिवाळीच्या सुटींत केलेल्या पात्मस बेटाच्या प्रवासांत पटली. ती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस पुढेंमागें उपयोगीं पडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

पात्मस हें ईजियन समुद्रांतील ग्रीस देशाचें एक बेट. क्षेत्रफळ सुमारें ३४ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारें ३,०००. प्रकटीकरणाच्या पुस्तकांत योहानानें आपल्या वास्तव्याचें स्थळ म्हणून ज्या बेटाचें नांव सांगितलें आहे, तें हेंच. डोंगरमाथ्यावर खोरा नांवाचें पांढऱ्या घरांचें जुनें गांव असून तेथें १०८८ सालीं स्थापन झालेला मठ एखाद्या किल्ल्यासारखा उभा आहे. तेथून बंदराकडे उतरतांना वाटेंत प्रकटीकरणाची म्हणून दाखवितात ती गुहा लागते. १९९९ सालीं युनेस्कोनें या सर्वांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. रविवारच्या शाळेंत नकाशावर बोट ठेवून आम्हीं हें बेट लहानपणीं पाहिलें होतें. तेथें जाण्याचा योग येईल असें तेव्हां स्वप्नांतहि नव्हतें. रोमी सत्ताधीश नकोशा माणसांस अशा बेटांवर हद्दपार करीत, त्याचें कारण तेथें गेल्यावर सहज कळतें. तुरुंगास कोट बांधण्याचा खर्चच नको. समुद्र तें काम फुकट करतो.

आजहि पात्मसास विमानतळ नाहीं. अथेन्सनजीकच्या पिरेअस बंदरांतून मोठी बोट निघते ती सुमारें ८ तासांनीं तेथील स्काला बंदरास लागते, आणि कित्येकदां ऐन मध्यरात्रीं. दुसरा मार्ग म्हणजे कोस, सामोस किंवा लेरोस या बेटांपर्यंत विमानानें जाऊन पुढें बोटीनें जाणें. कोणताहि मार्ग घेतला तरी शेवटचा पल्ला पाण्यावरचाच.

बेत आंखण्याचें काम आम्हीं, आमच्या पत्नीनें व तिच्या वडील बंधूंनीं मिळून केलें. हे आमचे मेहुणे एस. टी. मध्यें वाहतूक नियंत्रक होते व नुकतेच निवृत्त झाले होते. प्रवासास आम्ही तिघेंहि जाणार होतों. सासूबाईंच्या डोळ्यांतील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुटीच्या अखेरच्या सोमवारीं ठरली होती, आणि “तुम्ही सारीं आल्यावांचून मी त्या मेजावर निजणार नाहीं,” असें त्यांनीं बजावून ठेविलें होतें. मेहुण्यांनीं कोरा कागद घेऊन त्याच्या अगदीं तळाशीं ‘सोमवार’ असें लिहिलें व तेथून ते वर वर चढूं लागले. आम्हीं विचारलें, “दादा, यादी उलटी कां?” ते म्हणाले, “दाजी, जत्रेला निघालेला माणूस पहिली गाडी किती वाजतां हें विचारतो. शेवटची किती वाजतां हें विचारणारा घरीं पोहोंचतो. तीस वर्षें हेंच पाहात आलों.”

अडचणी पुष्कळ होत्या. व्हिसासाठीं अर्ज करावयाचा तर जाण्यायेण्याच्या तारखा व मुक्कामाचीं ठिकाणें कित्येक आठवडे आधीं कळवावीं लागतात. उलट बोटींचें हिवाळी वेळापत्रक उशिरां प्रसिद्ध होतें. उन्हाळ्यांत या बेटांमधून वेगवान कटामरान धांवतात व मोठ्या बोटीहि वरचेवर येतात. शरद् ऋतु सरत आला म्हणजे फेऱ्या कमी होतात, व आठवड्यांतील कोणत्या वारीं बोट आहे हें पाहूनच बाकी सर्व ठरवावें लागतें. सणांचेंहि भान ठेवावें लागतें. १५ ऑगस्टच्या मरियेच्या सणास अर्धें अथेन्स शहर बेटांकडे लोटतें. ईस्टरला जावयाचें तर ग्रीक मंडळीची तारीख पाहावी, आपली नव्हे. २०२४ सालीं आपला ईस्टर ३१ मार्चला झाला, तर त्यांचा ५ मे रोजीं. पिरेअस बंदरहि एवढें विस्तीर्ण आहे कीं त्याच्या दरवाजांस क्रमांक आहेत. पात्मसकडील बोटी ई-१ या दरवाजापाशीं लागतात, आणि तो रेल्वे स्थानकापासून बराच लांब आहे. सामान घेऊन शेवटच्या घटकेस पोहोंचणाराची तेथें फार तारांबळ उडते.

मुख्य प्रश्न परतीचा. मंगळवारीं रात्रीं पात्मसहून बोट होती. ती बुधवारीं सकाळीं पिरेअसला लागणार. बुधवारीं संध्याकाळचें विमान स्वस्त मिळत होतें. मेहुण्यांनीं त्यावर काट मारून शुक्रवारचें विमान लिहिलें. आमची पत्नी म्हणाली, “दादा, दोन दिवस फुकट जातील, आणि अथेन्सचा खर्च निराळा.” ते शांतपणें म्हणाले, “फुकट नव्हे, ताई. ती समुद्राची दस्तुरी समज. त्यानें नाहीं घेतली तर अथेन्स पाहूं.”

समुद्रानें दस्तुरी घेतली. सोमवारीं सायंकाळीं वारा सुटला, व मंगळवारीं सकाळीं बंदर कचेरीनें बोटींस मनाई केल्याची वार्ता आली. ग्रीक लोक या हुकुमास ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. वाऱ्याचा जोर बोफोर्ट मापाच्या ८ अंकाच्या घरांत गेला म्हणजे साधारणतः मोठ्या बोटींसहि बंदर सोडतां येत नाहीं. कटामरानांस तर त्याहून कमी वाऱ्यांतच थांबावें लागतें. आपल्याकडे वादळ काळ्या ढगांची वर्दी देऊन येतें. तेथें उन्हाळ्यांत मेल्तेमी नांवाचा उत्तरेचा वारा स्वच्छ निळ्या आकाशाखालींच समुद्र ढवळून काढतो. म्हणून आकाशाकडे पाहून तर्क करूं नये. ‘लिमेनार्हिओ’ म्हणजे बंदर कचेरीस विचारावें. बोट रद्द झाल्यास तिचें तिकीट पुढच्या फेरीस चालतें किंवा पैसे परत मिळतात. पण विमानवाले समुद्राची सबब ऐकत नाहींत.

मंगळवार गेला, बुधवारहि गेला. आमच्या खानावळींत एक तरुण जोडपें होतें. त्यांचें विमान बुधवारचें. तें गेलें, व नवीं तिकिटें काढतांना त्यांचे चेहरे उतरले. त्याच खानावळींत सासूबाईंच्याच वयाची एक म्हातारी बसली होती. तिला अथेन्समध्यें डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावयाचें होतें. बरोबर घरची उशी व एका डब्यांत भाकरी. बोट येत नाहीं असें कळतांच तिनें दूरध्वनीवरून नवी तारीख मागून घेतली आणि उशी कांखेंत मारून ती घरीं गेली. खानावळीच्या मालकानें आम्हांस इंग्रजींत समजाविलें कीं, येथें कोणी ‘उद्यां येईन’ असें म्हणत नाहीं. ‘बोट आली तर येईन’ असें म्हणतात. भाजी, औषधें, पेट्रोल, शाळेचे शिक्षक, सारें बोटीवर अवलंबून. याहूनहि लहान बेटांवर पुरेसे उतारू मिळत नाहींत. तेथें सरकार पदरचे पैसे घालून बोटी चालवितें, आणि अशा मार्गास त्यांच्या भाषेंत ‘नापीक मार्ग’ असें नांव आहे. त्या दोन दिवसांत आम्ही पुन्हां गुहेपर्यंत चढून गेलों. योहानानें पाहिलेल्या नव्या सृष्टींत समुद्र उरलेला नाहीं, हें आम्ही वर्गांत कित्येकदां शिकविलें आहे. बोटीची वाट पाहात बेटावर बसलेल्या माणसास तें किती निराळें वाटतें, हें मात्र तेथें कळलें.

मनाईच्या हुकुमाचा कंटाळा येतो हें खरें. परंतु २६ सप्टेंबर २००० रोजीं पारोस बेटाजवळ ‘एक्सप्रेस सामिना’ ही बोट रात्रीं जोराच्या वाऱ्यांत खडकावर आदळून बुडाली व ८० हून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर तेथील नियमांची अंमलबजावणी अधिक कडक झाली. आपणांस तरी हा धडा नवा कोठें आहे? १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यांत उलटली, आणि ६०० हून अधिक माणसें गेलीं. कोंकणांतील कित्येक घरांत तो दिवस अद्यापि विसरलेला नाहीं. २०२० सालीं भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास जी रो-रो बोट सुरू झाली, ती ग्रीस देशांतच बांधलेली आहे. एवंच, समुद्रापाशीं थांबावें केव्हां, हें दोन्हीं किनाऱ्यांनीं सारख्याच दुःखांतून शिकून घेतलें आहे.

प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत हाच विषय आहे. प्रवासाचा हंगाम सरला होता. पौलानें इशारा दिला. परंतु बंदर हिवाळा काढण्यास सोयीचें नाहीं म्हणून पुढें जावें असें बहुतेकांचें मत पडलें, आणि तांडेल व जहाजाचा मालक यांच्या शब्दावर शताधिपतीनें जहाज हांकारलें. २७६ माणसें वांचलीं, जहाज मात्र गेलें. सोय व घाई यांचें मत नेहमींच बहुमत असतें, असें हा अध्याय शिकवितांना आम्हांस वाटतें.

गुरुवारीं दुपारीं मनाई उठली व रात्रीं उशिरां बोट आली. धक्क्यावर ती म्हातारी उशी घेऊन आमच्या आधींच हजर होती. शुक्रवारीं सकाळीं पिरेअसला उतरून आम्हीं भुयारी रेल्वे गांठली. २०२२ सालापासून ती बंदराहून थेट विमानतळापर्यंत जाते. अथेन्स पाहावयाचें राहिलें. सोमवारीं सासूबाई ठरल्या वेळीं मेजावर निजल्या, व आतां त्या आपला शास्त्रपाठ चष्म्यावांचून वाचतात.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां दूर देशीं जातील. कागदावर प्रथम घरीं पोहोंचण्याचा दिवस लिहा, व तेथून उलट मोजीत या. जेथें बोट हाच मार्ग आहे, तेथें शेवटची बोट व विमान यांच्यामध्यें उन्हाळ्यांत एक व इतर ऋतूंत दोन दिवस मोकळे सोडा. तिकिटाची किंमत मोजतांना ते दिवसहि किंमतींत धरा. पालकांसहि विनंती कीं, मुलाचा येण्याचा दिवस दोन दिवसांनीं टळला तर रागावण्यापूर्वीं वाऱ्याची चौकशी करावी.