दुसरा अर्धा भाग

घरात आम्ही तिघं, भाषा चार: मम्मीची कोकणी, पप्पांच्या ऑफिसातली कन्नड, माझी मराठी आणि इंग्लिश. आजी गेल्यापासून मात्र त्यातल्या एकीतही कुणी फारसं बोलत नव्हतं. बेळगावात हॉस्टेलवर राहणाऱ्या मैत्रिणींना घराची आठवण येते. मला ती घरात बसूनच यायची. हे सांगणार कुणाला?

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, म्हणून आजीची माळ काढली. ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. मला दोन्ही म्हणावे लागत. ५ दशकं, ५० वेळा! खरं सांगते, सुरुवातीला एकटेपणा वाढलाच. मग मी पहिला भाग मोठ्याने म्हणून थांबू लागले. (देव ऐकतो का, यावर वाद घालणारे आमच्या वर्गात पुष्कळ आहेत.) त्या शांततेत कुणीतरी ऐकतंय, हे मला हळूहळू पटू लागलं.

आठवड्याभराने स्वयंपाकघरातून दुसरा भाग आला. कोकणीत, भेंडी चिरता चिरता.

“सवकास म्हण गो,” मम्मी म्हणाली.

पप्पा अजून येत नाहीत. पण माळ संपेपर्यंत टीव्ही लावत नाहीत.