खालचा कप्पा

लढाई जिथं झाली ती जागा बघायला जावं, तर बहुतेक वेळा बघण्यासारखं तिथं काहीच नसतं. पावनखिंडीत पाणी आणि करवंदीच्या जाळ्या. नेसरीला रान. पुस्तकं वाचून गेलेला माणूस जरा वेळ उभा राहतो, इकडंतिकडं बघतो, फोटो काढतो आणि चहाची टपरी शोधतो. मीही तेच करत आलोय. तरी ही खोड सुटली नाही, आणि लागली ती एका दगडापायी.

कोल्हापूरच्या पश्चिमेला आमचं गाव. देवळामागं चिंचेखाली कमरेएवढा काळा दगड उभा होता, कप्पे पाडून कोरलेला. त्याच्या माथ्यावर पाय ठेवला की खालची फांदी हाताला यायची. आजी लांबूनच ओरडायची, ‘‘त्येच्यावर पाय दिऊ नगंस, राखणदार हाय त्यो!’’ कुणाचा राखणदार आणि कधीपासूनचा, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं. अमावस्येला तेल आणि सणाला नारळ एवढा तिचा त्याच्याशी व्यवहार.

शाळेच्या सहलीत पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा पाहिला. दोन्ही हातांत तलवारी, अंगात वीज. त्या दिवसापासून वीर म्हणजे हा असा, आणि चिंचेखालचा तो नुसता तेलकट धोंडा, असं मी ठरवून टाकलं.

कॉलेजात असताना आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडं चालत गेलो. मसाई पठारावर धुकं एवढं की पुढच्याची फक्त टोपी दिसावी. खाली उतरलं की कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी. वाड्यांमधून भाताची खाचरं, लाल चिखल आणि मोज्यात शिरणाऱ्या जळवा. आम्ही वाटेत मुक्काम केला, कुणाच्या तरी पडवीत पिठलं-भाकरी खाल्ली, तरी पांढरेपाण्याला पोचेपर्यंत पाय उचलेनात. सिद्दी जौहरचा वेढा फोडून १२ जुलै १६६० च्या रात्री निघालेली माणसं हीच वाट एका दमात तुडवत गेली, तीही खांद्यावर पालखी घेऊन. त्या वाटेवर माझ्या डोक्यात बाजीप्रभू नव्हते, पालखीचे भोई होते. शिवा काशीद यांची समाधी पन्हाळ्याच्या पायथ्याला आहे, बाजीप्रभू आणि फुलाजींची विशाळगडावर. भोयांची कुठं असणार?

आता खिंडीत उतरायला लोखंडी जिना आहे. सोयीचा आहे, तक्रार नाही. पण पावसाळ्यात तिथं गटागटानं येणारी मंडळी घोषणा देऊन झाल्यावर पाच मिनिटं गप्प बसतील तर बरं. खिंडीत पाणी किती आवाज करतं, त्या आवाजात शेजारच्याची हाक तरी ऐकू गेली असेल का, हे तेव्हाच कळतं.

नेसरीला गेलो तो महाशिवरात्रीला. प्रतापराव गुजर पडले ती तारीख २४ फेब्रुवारी १६७४, त्या दिवशीही शिवरात्रच होती. कुसुमाग्रजांच्या कवितेनं ते सात स्वार घराघरात पोचवले. बरोबरच्या सहांची नावं मात्र येणाऱ्यातल्या शंभरांपैकी दोघांनाही सांगता येत नाहीत. स्मारक चांगलं आहे, आवार झाडलेलं असतं. पण लढाई तिथं कुठंच दिसत नाही. मान ताठ, घोडा उधळलेला, इथवर सगळं. मरणं तेवढं गाळलेलं.

ही गाळलेली जागा मला सापडली ती बीडला. मराठवाड्यातलं नव्हे, आमच्या करवीर तालुक्यातलं बीड. तिथं वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्यांच्या आठवणीला उभे केलेले कोरीव दगड, इतके आहेत की एकेक बघत फिरायचं तर दुपार जाते. इतिहासाचे एक प्राध्यापक बरोबर होते. त्यांनी दगड खालून वर वाचायचा असतो हे शिकवलं. सगळ्यांत खाली लढाई आणि आडवा पडलेला वीर. त्याच्या वर, अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेताहेत. त्याहून वर तो शिवपिंडीपुढं हात जोडून बसलाय. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याची कीर्ती. बोरिवलीजवळच्या एक्सरला तर खालच्या कप्प्यात चक्क आरमारी लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट.

बीडहून मी तडक गावी गेलो. चिंचेखालच्या दगडावर पिढ्यांचं तेल साचलेलं. कोमट पाणी आणि काथ्या घेऊन अर्धा दिवस घासलं, तेव्हा खालच्या कप्प्यात ढाल आली, मग वाकलेला गुडघा, आणि मग कोपऱ्यात शिंगं. गाई होत्या. हा माणूस कुठल्या राजासाठी पडला नव्हता. गावची जनावरं हाकून न्यायला आलेल्यांना आडवा गेला होता. आजीनं राखणदार म्हटलं ते अगदी खरं होतं. नाव कुठंच कोरलेलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर ते नसतंच.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. नुसते आकडे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण त्या युद्धात परत आले नाहीत, असं सांगतात. बसऱ्याच्या चिखलात की फ्रान्सच्या थंडीत, पाटी त्यावर बोलत नाही.

नाईक यशवंत घाडगे यांचं उलटं आहे. माणगावजवळचा हा पोरगा मराठा लाइट इन्फन्ट्रीतला. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तुकडीतला दुसरा कुणी उभा राहिला नाही तेव्हा एकटाच मशिनगनवर धावून गेला. ठाणं घेतलं आणि तिथंच गोळी लागून पडला. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर. माणगावात पुतळा आहे. आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्याच्या नावानं स्मारक उभं राहिलं, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. मी ते फोटोतच पाहिलंय. वीरगळावरच्या सूर्याची गोष्ट तिथल्या कुणी ऐकली असेल असं वाटत नाही. पण ग्रॅनाइटच्या गुळगुळीत चौथऱ्यांपेक्षा मला ते बरं वाटलं.

ग्रॅनाइटचा राग यायला कारण घरचंच आहे. तीन-चार वर्षांमागं रस्ता रुंद झाला, चिंच गेली, आणि आमचा वीर देवळापुढं नव्या चौथऱ्यात बसवला. भोवती ग्रॅनाइट, दगडाला ऑइलपेंट, अप्सरा गुलाबी. मी पोचलो तेव्हा सिमेंट वाळलं होतं आणि खालचा कप्पा आत गाडला गेला होता. गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘सर, फूट-दीड फूट आत घेतल्याबिगर दगड थांबतोय व्हय?’’ त्याचं गणित चुकलेलं नाही. गावातल्या जाणत्यांना विचारलं तर त्यांचंही म्हणणं सरळ होतं. पूजेला पिंडी दिसते, मग झालं की. मारामारी कशाला दाखवायची?

सिमेंट फोडू या म्हटलं, तर प्राध्यापकांनी दम भरला की जाणकार माणूस असल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, दगड तडकेल. त्यामुळं सध्या आलेल्या-गेलेल्याला मी घासल्यानंतर काढलेला फोटो दाखवतो. त्यात गाई दोन आहेत. तिसरं दिसतंय ते शिंग की तलवारीचं टोक, यावर प्राध्यापकांचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.