डॉलरचे दोन भाव



आजच्या मुलांना फोनवर डॉलरचा एकच भाव दिसतो. 1980 नंतर आम्ही काहीजणी नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन मुंबईहून इस्राएलला आलो, तेव्हा दोन होते. एक बँकेचा आणि दुसरा तेल अवीवच्या लिलिएनब्लूम रस्त्यावरचा. रस्त्यावरचा भाव चढा असे. तो व्यवहार बेकायदा होता, पण भाव सगळ्यांना ठाऊक असे.

आम्हाला हे नवीन नव्हते. मुंबईतही 1973 च्या परकीय चलन कायद्यामुळे, म्हणजे ‘फेरा’मुळे, डॉलर हवे तेवढे मिळत नसत. आमच्या आधीच्या पिढीत परदेशी निघणाऱ्याला एके काळी जेमतेम 8 डॉलर मिळत. रेशनवर पुरेसे रॉकेल मिळाले नाही की बाहेर जादा पैसे मोजावे लागत, तसेच डॉलरचे. सरकार भाव बांधून देते, पण त्या भावाने मागेल त्याला डॉलर देऊ शकत नाही, म्हणून दुसरा भाव निघतो. विकणाऱ्याला रस्ता परवडतो. घेणाऱ्याला बँक परवडते, पण बँकेत मर्यादा आड येते.

इस्राएलमध्ये याच्या मुळाशी महागाई होती. 1980 मध्ये लिरा जाऊन शेकेल आला, 10 लिरांचा एक शेकेल. तरी 1984 या एका वर्षात किमती सुमारे 445 टक्क्यांनी वाढल्या. पगार ‘मदाद’ला जोडलेला, पण वाढ हाती येईपर्यंत भाव पुढे गेलेले असत. पगाराच्या दिवशीच आम्ही तेल, तांदूळ, साखर भरून ठेवायचो. घरांच्या किमती डॉलरमध्ये सांगत. ऑक्टोबर 1983 मध्ये बँकांचे शेअर कोसळले आणि लोक डॉलरच्याच मागे लागले. आम्हा नर्सेसना लिलिएनब्लूमचा भाव थर्मामीटरसारखा वाटे. बँकेच्या भावापासून तो जितका वर, तितका ताप जास्त.

खरा प्रश्न पडे तो भारतात आईवडिलांना पैसे पाठवताना. समजा, 100 डॉलरचे बँकेतून 1200 रुपये मिळणार, तर हवालावाला 1400 देतो म्हणे. ते 200 रुपये म्हणजे घरचे कितीतरी दिवसांचे औषध. आमच्यातल्या एकीने वडिलांच्या ऑपरेशनचे पैसे असेच एका माणसाच्या हाती दिले. ते ठाण्याला पोहोचलेच नाहीत. पावती नाही, आणि पोलिसांत जावे तर व्यवहारच बेकायदा. ऑपरेशन दोन महिने लांबले. मग आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून बँकेचा ड्राफ्ट पाठवला. रुपये कमी मिळाले, पण मिळाले. त्या जादा 200 रुपयांत पैसे बुडण्याची जोखीमही धरलेली असते, हे आम्हाला तेव्हा समजले.

जुलै 1985 मध्ये इस्राएल सरकारने खर्च कापला, किमती व पगार गोठवले आणि डॉलर 1500 शेकेलवर धरला. सप्टेंबरात 1000 जुन्या शेकेलचा एक नवा शेकेल झाला. पुढच्या वर्षी महागाई सुमारे 20 टक्क्यांवर आली. दोन भावांतले अंतर आटले, आणि लिलिएनब्लूमची गर्दीही.

भारतात जुलै 1991 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. मार्च 1992 पासून तर सरकारनेच दोन भाव मान्य केले. आलेल्या परकीय चलनापैकी 40 टक्के सरकारी दराने द्यायचे, 60 टक्के बाजारभावाने विकायचे. मार्च 1993 मध्ये एकच भाव झाला. त्यानंतर घरी बँकेतून पैसे पाठवताना मन खाईनासे झाले.

आजही काही देशांत दोन भाव आहेत. आपली मुले तिथे नोकरीला किंवा फिरायला जातात. बाहेर जास्त मिळतात असे कोणी सांगितले, तर पैसे बुडाले तर दाद कोणाकडे मागायची, हे त्यांनी आधी विचारावे.

तुमच्या घरी त्या काळची पासबुके, ड्राफ्टच्या पावत्या किंवा आठवणी असतील, तर आम्हाला जरूर कळवा.