पाणीपेपर आणि बॉनेटची कड

भाचा ज्या गॅरेजात पेंटर आहे, तिथले हिशेब आम्ही रविवारी लिहितो. परवा हौसेने पाणीपेपर हाती घेतला. लाल गाडीच्या नव्या क्लिअर कोटवर संत्र्याच्या सालीसारखी खडबड होती. साबणाचे पाणी सोडत आधी 1500, मग 2000 नंबरने घासायचे. पांढरा गाळ निघाला, बॉनेट पार निस्तेज झाले.

"मामा, घाबरू नका. कंपाउंड लावून बफिंग केलं की आरसा होतो. फक्त कडेला घासू नका."

हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, कडेला त्याहून पातळ. पण आम्ही पडलो बीकॉम! कडेवर हात फिरवलाच. गाळ लाल झाला, म्हणजे खालचा रंग उघडा पडला.

बॉनेट पुन्हा रंगवावे लागले. भाच्याची दोन दिवसांची मजुरी कापली. ती कपात वहीत आम्हीच लिहिली. भरपाई देऊ केली, त्याने घेतली नाही.