ड्रम वाचवायचा की बदलायचा?

माझी प्रीमियर पद्मिनी १९८४ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसाळ्याच्या तोंडावर ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरू लागलं आणि गाडी डावीकडे ओढू लागली. पेडल थरथरतं तेव्हा बहुधा ड्रम गोल राहिलेला नसतो; गाडी ओढते तेव्हा पुढच्या दोन चाकांचे ब्रेक सारखे धरत नसतात. दोन्ही लक्षणं एकदम दिसल्यावर नुसते लायनर बदलून भागणार नव्हतं. चारही ड्रम उतरवले.

जुना ड्रम सहजी निघत नाही. लायनर घासून आत खळगा पडतो, कडेला धार उरते आणि तिच्यात शू अडकतात. म्हणून आधी अॅडजस्टर सैल करून शू आत घेतले, मग लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी ठोकत ड्रम सोडवले. आतली काळी भुकटी फुंकून उडवायची नाही, हा आमच्या मिस्त्रींचा दंडक. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. सगळं ओल्या फडक्याने पुसून घेतलं, तेव्हा गाडी ओढण्याचं कारण सापडलं: उजव्या पुढच्या चाकाचा व्हील सिलिंडर पाझरत होता आणि लायनर ब्रेक ऑइलने भिजले होते.

ड्रम घेऊन नाना पेठेतल्या लेथवर गेलो. टर्नरने प्रत्येक ड्रमचा आतला व्यास आडवा-उभा मोजला. दोन मापांत फरक आला की ड्रम ओव्हल झाला.

"मागचे दोन्ही साफ होतील. पुढचा उजवा नाही, साहेब. चर जाईपर्यंत कातला तर मर्यादेबाहेर जाईल."

"थोडे चर राहिले तर?"

"लायनर खाईल. आणि जास्त कातला तर पातळ होईल. पातळ ड्रम लवकर तापतो, तापला की फुगतो, शूपासून लांब जातो. घाटात पेडल खाली जाईल तुमचं."

मूळचा ड्रम टाकवत नव्हता, पण या उत्तरापुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. एकाच आसावरचे दोन ड्रम मापाने सारखे हवेत, म्हणून पुढची जोडीच नवी घेतली. मुंबईत काळी-पिवळी म्हणून पद्मिनी २०२३पर्यंत धावत होती. त्या टॅक्सींमुळे हे सुटे भाग बाजारात टिकून राहिले.

नव्या ड्रमला गंज चढू नये म्हणून लावलेलं तेल थिनरने पुसलं. आत खडू घासून ड्रम बसवला, फिरवला, काढला. लायनरवर जिथे खडू उमटला तिथेच तो टेकत होता. तेवढा उंचवटा घासून पुन्हा तपासलं, खडू सगळीकडे उमटेपर्यंत. सिलिंडरची रबरं नवी घातली आणि मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून हवा काढत आलो.

सुरुवातीला रिकाम्या रस्त्यावर हलके ब्रेक मारत, मध्ये थंड होऊ देत लायनर बसू दिले, मग पुन्हा अॅडजस्ट केले. त्यानंतर भोरहून वरंध घाट उतरलो, दुसऱ्या गिअरमध्ये. गाडी सरळ थांबत होती, पेडल वरच धरत होतं.

जुन्या गाडीचा मूळपणा बॉडीत जपावा, डॅशबोर्डात जपावा. ब्रेकमध्ये मात्र निर्णय मापाचाच. ज्या गाडीत आपण घरच्यांना बसवतो, तिचा ड्रम आठवणीसाठी वाचवायचा नसतो.