परीक्षेच्या वर्षात कपिलधार

मैत्रिणींनो, ज्या घरात यंदा बारावीचं मूल आहे, त्या घरातल्या बाईला कुणी ‘सहलीला जाऊन या’ म्हटलं तर ती कपाळाला हातच लावील! पाहुणे बंद, टी.व्ही. बंद, लग्नकार्याला मुलाला घरी ठेवून एकटीनं जायचं, असे नियम घरोघर जूनपासूनच सुरू झालेले असतात. तरीही आज मी तुम्हांला अर्ध्या दिवसाचा एक प्रवास सांगणार आहे. खर्च थोडा, वाट सोपी. परीक्षेच्या वर्षात त्याचा उपयोग काय, ते ओघात येईलच.

बीडहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं, की पालीजवळ बिंदुसरेचा तलाव लागतो आणि मग बालाघाटाचा चढ सुरू होतो. वर मांजरसुंबा. तिथून जवळच, डोंगराच्या कुशीत आहे कपिलधार. बीडपासून अंतर सगळं मिळून वीसएक किलोमीटर. कड्यावरून दरीत कोसळणारी पाण्याची धार आणि तिच्याजवळ मन्मथस्वामींची समाधी. कपिलमुनींनी इथं तप केलं, म्हणून हे नाव पडलं असं लोक सांगतात. धार पावसाच्या पाण्याची, त्यामुळे उन्हाळ्यात जाल तर नुसते कोरडे खडक दिसतील. श्रावण-भाद्रपदात, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर जावं.

मन्मथस्वामी हे सोळाव्या शतकातले वीरशैव संतकवी. त्यांचा ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत आहे. कार्तिकी पौर्णिमेला इथं मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या पायी येतात. ‘मन्मथ माऊली’च्या गजरानं तेव्हा ही दरी भरून जाते. शांतपणे बसायचं असेल तर मात्र यात्रेच्या आधीच जावं.

आम्ही गेलो भाद्रपदातल्या एका रविवारी. हे, सासूबाई, मी आणि आमची बारावीतली लेक. क्लासमध्ये त्या दिवशी टेस्ट नव्हती, म्हणून तो मुहूर्त! मांजरसुंब्यापर्यंत एस.टी., पुढे रिक्षा. मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.त अर्धं तिकीट आहे, हे तुम्हांला माहीत आहेच. पहाटे धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घेतला. लेकीनं पिशवीत एक पुस्तक टाकलंच होतं. मी काही बोलले नाही. ते दिवसभर पिशवीतच राहिलं, ही गोष्ट वेगळी.

मांजरसुंब्याला उतरलं, की समोर रस्ते फुटतात. एक सरळ सोलापूरकडे, एक पाटोदा-नगरकडे आणि एक केज-अंबाजोगाईवरून लातूरकडे. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी आया हा तिसरा रस्ता ओळखतात. दहावीचा निकाल लागला, की वळकटी, लोखंडी पेटी आणि लाडवांचा डबा घेऊन मुलं याच वाटेनं लातूरला जातात. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेला ‘लातूर पॅटर्न’ आता महाराष्ट्रभर ठाऊक आहे.

आमची लेक गेली नाही. तिला घर सोडवेना आणि आम्हांला दोन वर्षांचा खर्च झेपेना. ‘लातूरला का नाही ठेवली?’ हा प्रश्न मी भिशीत, शाळेत, वाण्याच्या दुकानात, सगळीकडे ऐकते. विचारणाऱ्यांचंही खोटं नाही. २०२५ साली ‘नीट’ परीक्षेला देशभरातून बावीस लाखांवर मुलं बसली होती आणि एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाहून थोड्याच जास्त. शिवाय पूर्वी मराठवाड्यातल्या मेडिकल कॉलेजांत ७० टक्के जागा इथल्याच मुलांना मिळत. ती ७०:३० ची पद्धत २०२० साली रद्द झाली. म्हणजे आता आपल्या मुलांची गाठ साऱ्या महाराष्ट्राशी!

समाधीचं दर्शन घेताना सासूबाईंनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, “माऊली, माझी नात डॉक्टर होऊ दे, मग मी...” लेकीनं त्यांचा हात धरला. “आजी, नवस बोल, पण मार्कांचा नको गं. मार्क कमी पडले तर कुणाचं चुकलं म्हणायचं, देवाचं का माझं?” सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बरं बाई, तुझ्या तब्येतीचा बोलते. तो तरी चालेल ना?” आणि तसाच बोलल्या!

पुढे आम्ही दोघी धारेसमोरच्या एका खडकावर बसलो. पाण्याच्या आवाजात शेजारच्याचंही बोलणं नीट ऐकू येत नाही. त्यामुळेच की काय, घरी जे बोललं जात नाही ते तिथं निघालं. लेक म्हणाली, “आई, मी डॉक्टर नाही झाले तर तू शाळेत काय सांगशील?”

मैत्रिणींनो, अभ्यास किती झाला, टेस्टमध्ये किती पडले, हे आपण मुलांना रोज विचारतो. पण त्यांच्या मनात हा प्रश्न बसलेला असतो, आणि तो पुस्तकाच्या प्रत्येक पानावर त्यांच्याबरोबर असतो. मी तिला म्हटलं, “सांगीन, माझी मुलगी अमुक अमुक शिकते म्हणून. त्यात न सांगण्यासारखं काय आहे?” ती हसली. त्या दिवशी मग अभ्यासाचा विषय आम्ही काढला नाही. परतताना मांजरसुंब्याला तिनं वाटीभर रबडी खाल्ली आणि एस.टी.त माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली.

तुम्ही म्हणाल, एका रविवारनं परीक्षा थोडीच पार पडते? नाहीच पडत. पण त्या बोलण्यानंतर आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या. त्या तुमच्याही उपयोगी पडतील, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, दुसरी वाट आधीच ठरवून ठेवावी. ‘नीट’बरोबर राज्याची सी.ई.टी. द्यायची, असं लेकीनं स्वतःच ठरवलं. जीवशास्त्राच्या गटातून फार्मसीला जाता येतं, कृषी शाखेला जाता येतं. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून मराठवाड्याच्याच सेवेत आहे. सी.ई.टी.त चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात. तेव्हा अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका!

दुसरी गोष्ट वेळेची. २०२५ ची ‘नीट’ ४ मेला, रविवारी, दुपारी दोन ते पाच या वेळात झाली. आता विचार करा, मराठवाड्यातला मे महिना आणि दुपारचे दोन! लेक रात्री जागून वाचायची आणि दुपारी झोपायची. मग १८० प्रश्न सोडवायच्या नेमक्या वेळी तिचे डोळे मिटणारच. आता आमच्याकडे सुटीच्या दिवशी जेवण साडेअकराला होतं. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, ताक. तळण नाही. दोन ते पाच ती घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवते. तेवढा वेळ घरात मिक्सर नाही की कपडे आपटणं नाही. रात्री साडेदहाला दिवा बंद.

तिसरी गोष्ट, विज्ञान येत नसलं तरी आपण मदत करू शकतो. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. फिजिक्समधलं मला काय कळणार? पण लेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि पुढे सगळं इंग्रजीतून आलं. आम्ही एक वही केली. फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण, व्हेलॉसिटी म्हणजे वेग, असे शब्द समोरासमोर लिहिले. रोज संध्याकाळी मी भाजी निवडताना तिनं एक धडा मला मराठीत समजावून सांगायचा. जिथं ती अडखळते, तिथं तिलाच कळतं की आपलं इथं कच्चं आहे. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, मात्र ते अर्ज भरतानाच ठरवावं लागतं.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. हे काम आई-वडिलांचंच. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि आधार कार्डावरचं नाव अक्षरशः जुळतं का, ते पाहा. अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर, जे जे लागू असेल त्याचे अर्ज वेळेवर करा. जात वैधतेला महिने लागू शकतात, तेव्हा निकालाची वाट पाहू नका. ‘नीट’ला पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, दागिने चालत नाहीत. एक साधा अर्ध्या बाह्यांचा सुती ड्रेस आणि चप्पल आधीच बाजूला काढून ठेवा आणि एखाद्या सरावाच्या दिवशी तोच घालायला सांगा.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे महिन्यातला एक अर्धा दिवस. तुमच्या गावाजवळ कपिलधार नसेल, पण एखादी टेकडी, तळं, मळा असेलच. तिथं मार्कांचा विषय काढायचा नाही, एवढंच पथ्य.

कपिलधारला जायचं ठरवलंत तर सकाळी लवकर निघा. खडकांवर शेवाळ असतं, म्हणून घट्ट पट्ट्यांच्या चपला घाला आणि पाण्याला जोर असेल तर धारेखाली जाऊ नका. भाद्रपद सरता सरता बालाघाटात सीताफळं यायला लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. वाटेत कुणी पाटी घेऊन बसलेली दिसली, तर डोळे उघडलेली फळं बघून घ्या. आणि हो, डबा नेहमीपेक्षा थोडा मोठा बांधा. घरी दोन घासांत ताट सरकवणारी मुलं तिथल्या हवेत चार धपाटे सहज संपवतात!